शरदांतील उकाडा आणि समुद्राची ओढ

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची कामगार-दिनाची सुटी संपली कीं समुद्रस्नानाचे दिवस सरले, असें मानतात. बऱ्याच ठिकाणचे जीवरक्षकहि कमी होतात. परंतु समुद्र पंचांग पाहत नाहीं. त्याचें पाणी सावकाश तापतें व सावकाशच निवतें.

इ. स. २०१९ चा सप्टेंबर सरतांना त्या देशाच्या आग्नेय भागांत भर उन्हाळ्यासारखा उकाडा होता. त्याच वेळीं 'लोरेंझो' नांवाचें चक्रीवादळ महासागरांत फार दूर, अझोर बेटांच्या रोखानें चाललें होतें. त्याच्या लाटा मात्र उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्यास पोहोंचल्या, आणि माणसें बुडालीं.

लाटांनीं किनाऱ्यावर आणलेलें पाणी वाळूच्या दांड्यांतील खिंडारांतून परत धांवतें, तोच हा घातक प्रवाह. त्याचा वेग कधीं कधीं सेकंदास ८ फुटांपर्यंत जातो. तेथें पट्टीचा पोहणाराहि हरतो. पूर्वीं लोक त्यास 'खालची ओढ' म्हणत. फ्रान्सिस शेपर्ड या सागरी भूशास्त्रज्ञानें १९३६ मध्यें हें नांव चुकीचें ठरविलें. हा प्रवाह तळाशीं ओढीत नाहीं, बाहेर नेतो. हा वाद केवळ शब्दांचा वाटेल, पण तसा तो नव्हे. तळाशीं जाण्याच्या भीतीनें माणूस सरळ किनाऱ्याकडे झगडतो व थकून बुडतो. प्रवाह बहुधा अरुंद असतो. तरंगत राहून किनाऱ्याशीं समांतर पोहल्यास त्यांतून निसटतां येतें. फुटणाऱ्या लाटांमधील जी शांत, काळसर पट्टी नवख्यास स्नानाला सोयीची वाटते, तीच पुष्कळदां त्याची वाट असते.