लिनक्स पॅकेजे, मूळ आज्ञावलीपासून बांधणी

लिनक्स पॅकेजे, मूळ आज्ञावलीपासून बांधणी : मनुष्यास वाचता येणाऱ्या भाषेत लिहिलेली मूळ आज्ञावली कंपायलरच्या साहाय्याने यंत्रभाषेत उतरविणे म्हणजे बांधणी होय. बांधलेली आज्ञावली, तिला लागणाऱ्या अन्य आज्ञावल्यांची यादी व ती संगणकावर बसविण्याच्या सूचना एकत्र केल्या म्हणजे पॅकेज तयार होते.

इतिहास : बांधणीचा क्रम सांभाळणारी ‘मेक’ ही आज्ञावली स्ट्यूअर्ट फेल्डमन ह्यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्ये रचली. रिचर्ड स्टॉलमन ह्यांच्या ग्नू प्रकल्पाने १९८७ मध्ये जीसीसी हा कंपायलर खुला केला. फिनलंडमध्ये लीनुस तूरव्हाल्स ह्यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. प्रारंभी प्रत्येक आज्ञावली वापरणाऱ्यालाच बांधावी लागे. एकीस दुसरी व दुसरीस तिसरी लागत असल्याने हे काम कष्टाचे होई. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियनने डीपीकेजी व रेड हॅट कंपनीने १९९५ मध्ये आरपीएम ही साधने काढून हा भार हलका केला. डेबियनच्या १९९९ च्या आवृत्तीतील ‘ॲप्ट’ मुळे लागणारी अन्य पॅकेजे आपोआप मिळू लागली.

मराठी व लिनक्स : आज्ञावलीतील संदेश स्वतंत्र फायलींत ठेवण्याची ‘गेटटेक्स्ट’ पद्धत रूढ झाल्यामुळे मराठी भाषांतर बांधणीच्या वेळी पॅकेजात घालता येते, त्यासाठी कोणा कंपनीच्या बाजारपेठेचा हिशेब जुळण्याची वाट पाहावी लागत नाही. मुंबईत २००० च्या सुमारास इंडलिनक्स प्रकल्पाने भारतीय भाषांसाठी हे कार्य आरंभिले. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित फाँट खुल्या परवान्याखाली दिले. मराठी ‘ल’ व ‘श’ ह्यांची वळणे हिंदीहून भिन्न असल्याने फेडोरा ह्या लिनक्स वितरणात मराठीसाठी लोहितचे वेगळे पॅकेज होते.  पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सीडॅक संस्थेने २००७ मध्ये डेबियनवर आधारित ‘बॉस’ ही प्रणाली प्रसृत केली.

बांधणीची विश्वसनीयता : मूळ आज्ञावली खुली असली, तरी बांधणीही तपासता येणे आवश्यक असते. २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ ह्या पॅकेजाच्या वितरण-संग्रहातील बांधणीच्या सूचनांत घातक भाग दडविलेला आढळला. प्रकल्पाच्या सार्वजनिक भांडारात त्या सूचना नव्हत्या. एकाच मूळ आज्ञावलीपासून कोणीही बांधणी केली, तरी तंतोतंत तेच पॅकेज मिळावे, ह्यासाठी डेबियनमध्ये २०१३ पासून प्रयत्न चालू आहेत. मूळ मजकूर वाचण्याचा अधिकार ज्यास आहे, त्यास तो स्वतः बांधून पडताळताही आला, तरच तो अधिकार सार्थ ठरतो.