साखरखेर्डा : एका लढाईचं नाव, एका गावाची माणसं

मंडळी, सिंदखेडराजाला आपण जातो ते जिजाऊंसाठी. त्याच तालुक्यात साखरखेर्डा आहे. तिथे मुद्दाम कोणी थांबत नाही, म्हणून आज आम्ही तेच गाव निवडलं.

इतिहासाच्या पुस्तकात हे गाव एका दिवसापुरतं येतं. ११ ऑक्टोबर १७२४. हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान दिल्ली दरबाराच्या फुशीने निजामुल्मुल्कावर चालून आला आणि इथे मारला गेला. पहिले बाजीराव त्या वेळी निजामाच्या बाजूला होते. होय, ज्या निजामाला त्यांनी पुढे १७२८ मध्ये पालखेडला कोंडीत पकडलं, तोच हा! दिल्लीने मग निमूटपणे निजामाची दख्खनची सुभेदारी मान्य केली. १९४८ पर्यंत टिकलेल्या हैदराबाद राज्याचा पाया साखरखेर्ड्याच्या रानात घातला गेला, असं म्हणायला हरकत नाही.

विजयाची आठवण म्हणून निजामाने गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं. इंग्रजी गॅझेटिअरातही ते आहे. लोकांच्या तोंडी मात्र साखरखेर्डाच राहिलं. नाव बदलायला फर्मान लागतं, पण ते रुळायला माणसं लागतात, बरं का!

आता त्या माणसांकडे येऊ. गाव लढाईच्या कितीतरी आधीचं. इथली मशीद खुदावंदखान महदवीने १५८१ मध्ये बांधली आणि दुसऱ्याच वर्षी रोहिणखेडची. अशी मशीद उभी राहते तिथे गवंडी, पाथरवट, बाजार आणि पैसा असणार. हा आमचा तर्क आहे, पण आडवळणाच्या चार झोपड्यांत कोणी असं बांधकाम काढत नाही.

मग हे नांदतं गाव उतरणीला कधी लागलं? १७२४ च्या लढाईने नव्हे. १७९७ मध्ये शिंद्यांच्या फौजेने ते लुटलं. मराठी फौजा म्हटलं की आपली छाती फुगते, पण गावकऱ्याच्या ओसरीवरून पाहिलं तर लूट ती लूटच. त्यातून सावरतंय तोवर १८०३ चा दुष्काळ आला. त्याच साली शेजारी असईला आणि पुढे अडगावला इंग्रज-मराठ्यांच्या लढाया झाल्या. फौजा जातात तिथला दाणा-वैरणही जाते. गाव पुन्हा पहिल्यासारखं झालं नाही, असं गॅझेटिअरकार लिहितो.

किती माणसं गेली? याचं उत्तर आकड्यात मिळत नाही. तेव्हाची दप्तरं जमीन आणि सारा मोजायची, डोकी नव्हे. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि डोकी मोजली गेली ती १८६७ मध्ये. पुढचा दुष्काळ म्हणूनच आकड्यात दिसतो. १९०१ मध्ये बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या ४,२३,६१६ भरली, दहा वर्षांत सुमारे १२ टक्के घट. एक सावधगिरी मात्र बाळगा. १९०५ मध्ये जिल्ह्याची हद्द वाढवली. त्या वाढीव हद्दीत १९०१ चीच लोकसंख्या ६,१३,७५६ होते. दोन आकडे शेजारी ठेवून 'लोकसंख्या वाढली' असं लिहिणारे आम्ही पाहिले आहेत.

कधी गेलात तर मशीद पाहा, पलसिद्ध मठ पाहा, प्रल्हाद महाराजांच्या स्थानी जरा टेका. आणि एखाद्या जुन्या माणसाला 'फत्तेखेर्डा कुठं आहे हो?' असं विचारून बघा.