सालोमालोचं कूळ

पर्यावरणाच्या प्रोजेक्टला तीन गोष्टी लागतात: रंगीत मुखपृष्ठ, स्पायरल बाइंडिंग आणि गेल्या वर्षीच्या कुणाचा तरी प्रोजेक्ट. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी हे तिन्ही झेरॉक्सच्या एकाच दुकानात मिळून जातात. यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्याचं ठाणं असलेलं पांढरकवडा त्याला अपवाद असायचं कारण नाही. अशा वेळी कापसाच्या मुलखातली खुनी नदी एखाद्या वहीत कोल्हापूरच्या पंचगंगेसारखी साखर कारखान्यांच्या मळीने काळी पडली, तर फार आश्चर्य वाटू नये. मुलाने फक्त नदीचं नाव बदललेलं असतं. परीक्षेत चिठ्ठी सापडली तर ती कॉपी, पण अख्खा प्रोजेक्ट उतरवून काढला तर ती मदत, अशी एक वाटणी आपल्याकडे कुणी न ठरवता ठरून गेली आहे.

नाव बदलून दुसऱ्याचं आपलं करायची ही रीत मराठीत जुनी आहे, आणि तिचा मूळपुरुषही ठरलेला आहे. त्याचं नाव सालोमालो. देहूचा हा कीर्तनकार तुकोबांच्या अभंगांतली ‘तुका म्हणे’ ही मुद्रा काढून तिथे स्वतःचं नाव घालायचा, असं परंपरा सांगते. गाथेत त्याच्यावर अभंग आहेत. संतांची वचनं मोडून हे लोक स्वतःसाठी दागिने घडवतात, अशी तुकोबांची तक्रार आहे. दामले-फत्तेलाल यांच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’ या प्रभातच्या चित्रपटाने सालोमालोला घराघरांत नेलं. तिथला सालोमालो आणखी एक पायरी पुढे जातो आणि तुकारामानेच आपले अभंग चोरले, असा उलटा कांगावा करतो.

अभंग तोंडोतोंडी फिरायचे, तेव्हा शेवटच्या चरणातलं नाव हीच काय ती मालकीची खूण. ती पुसली की माल बेवारस. उलटी लबाडीही चालायची, ती म्हणजे आपली ओवी थोरांच्या ग्रंथात घुसवायची. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा शेवटी बजावून ठेवलं, की यात कुणी आपली ओवी घातली तर त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असं समजावं. एक दुसऱ्याचं स्वतःच्या नावावर घेतो, दुसरा स्वतःचं दुसऱ्याच्या नावावर खपवतो. दोघांनाही हे कुणाचं, या प्रश्नाशी खेळायचं असतं.

या प्रश्नाचा सगळ्यात बारीक विचार करणारा माणूस मात्र सालोमालोच्या सातेकशे वर्षं आधीचा, आणि यवतमाळकरांना शेजारचा वाटावा असा. राजशेखर. इसवी सन ९०० च्या आसपास तो कनौजच्या प्रतिहारांच्या दरबारी होता, पण त्याचं यायावर कूळ इकडचं. पूर्वज अकालजलद याचा उल्लेख तो ‘महाराष्ट्रचूडामणी’ असा करतो. त्याच्या ‘काव्यमीमांसा’ या काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लागतं तेही विदर्भातल्या वत्सगुल्मात, म्हणजे आजच्या वाशीमला. यवतमाळ जिल्ह्याची शीव ओलांडली की वाशीम. हा ग्रंथ शेकडो वर्षं पोथीतच पडून होता. १९१६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिलाच ग्रंथ म्हणून तो छापून आला.

या ग्रंथाचे तीन अध्याय राजशेखराने दुसऱ्याचं घेणं या एकाच विषयाला दिले आहेत. आधी शब्द घेणं: एखादं पद, एक चरण, अर्धा श्लोक, पूर्ण श्लोक की अख्खी रचना, अशा पाच पायऱ्या. मग अर्थ घेणं, त्याचे तर ३२ प्रकार. त्यातला पहिला प्रतिबिंबकल्प. अर्थ सगळा तोच, फक्त वाक्य वेगळ्या शब्दांत मांडलेलं. हा प्रकार कवीने टाळावा, असं त्याचं मत. आरशातल्या प्रतिमेची ही कल्पना त्याच्या आधी काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त मांडली होती, राजशेखराने तिचा पसारा वाढवला.

आजच्या वर्गात प्रतिबिंबकल्प कसा दिसतो? समजा, एका पुस्तकात वाक्य आहे: ‘फेब्रुवारीनंतरही कपाशी शेतात उभी ठेवली, तर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत अन्न मिळत राहतं.’ विद्यार्थी लिहितो: ‘फेब्रुवारी महिन्यानंतरसुद्धा कापसाचे पीक रानात राखल्यास गुलाबी बोंडअळीस आगामी हंगामापर्यंत खाद्य उपलब्ध होते.’ शब्दकोश झिजला, विचार जागचा हलला नाही. हे स्वतःच्या शब्दांत लिहिणं झालं, असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं, कारण शाळेत त्याला तेवढंच सांगितलेलं असतं. त्यापेक्षा फरदडीमुळे, म्हणजे हंगामानंतरही उभ्या ठेवलेल्या कपाशीमुळे, बोंडअळीचं चक्र तुटत नाही असं अमक्या पुस्तकात अमक्या पानावर म्हटलं आहे, हे सरळ लिहावं आणि पुढच्या ओळीत आपल्या गावात यंदा किती जणांनी फरदड घेतली, का घेतली, ते विचारून मांडावं. दुसरं वाक्य त्याचं स्वतःचं. पहिलं उसनं आहे, पण उघड उसनं.

राजशेखर सोवळा नव्हता. चोर नाही असा कवी नाही आणि चोर नाही असा वाणीही नाही, लपवता आलं त्याचं निभावतं, असं तो हसत हसत म्हणून जातो. त्याची पत्नी अवंतिसुंदरी तर चोरीच्या सबबींची यादीच देते: तो अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध; त्याची भाषा कुणी मानत नाही, माझी मानतात; हे जाणणारे आता उरले नाहीत; याचा कर्ता परदेशात असतो. हजार वर्षं झाली, यादीत फारशी भर पडलेली नाही. तिचं हे मत आपल्यापर्यंत पोचलं ते एका साध्या सवयीमुळे. हे आचार्यांचं, हे वामनाच्या अनुयायांचं, हे अवंतिसुंदरीचं आणि हे माझं, असं राजशेखर जागोजागी सांगत जातो. बायकोचं मत त्याने गपचूप स्वतःच्या नावावर घेतलं असतं, तर कुणाला कळणार होतं?

अवंतिसुंदरीचं मत येतं त्याच अध्यायात, पैसे देऊन विकत घेतलेली रचनाही चोरीचीच, असा निर्वाळा आहे. रोमचा कवी मार्शल पहिल्या शतकात फिडेन्टिनस नावाच्या एकावर असाच चिडला होता. हा गृहस्थ मार्शलच्या कविता स्वतःच्या म्हणून वाचायचा. मार्शलने त्याला टोमणा मारला: माझ्या म्हणून वाचणार असशील तर फुकट पाठवतो, तुझ्या म्हणवायच्या असतील तर विकत घे. या बाबतीत राजशेखर मार्शलपेक्षा कडक. बांधून तयार प्रोजेक्ट दुकानातून घेणाऱ्याला मार्शलकडे निदान टोमण्यापुरती जागा होती, राजशेखराकडे तीही नाही.

कुणी सांगितलं ते नोंदवायची मराठी शिस्त गद्याच्या जन्माइतकी जुनी आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटाने चक्रधरांच्या आठवणी त्या प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांकडे जाऊन गोळा केल्या. ‘लीळाचरित्र’ त्यातून उभं राहिलं. एकच प्रसंग दोघांनी वेगळा सांगितला, तर कुठला पाठ कुणाचा, याच्या नोंदी महानुभाव पोथ्यांत सापडतात. या पोथ्यांवर आयुष्य घालवणाऱ्यांपैकी एक, य. खु. देशपांडे, यवतमाळचेच. नाटकवाल्यांनीही भरपूर उसनं घेतलं. देवलांचा ‘झुंझारराव’ म्हणजे शेक्सपिअरचा ऑथेल्लो. पण देवलांना सालोमालोच्या रांगेत कुणी बसवत नाही, कारण मूळ कुणाचं ते उघड होतं.

आजचा कायदा टक्क्यांत बोलतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये काढलेल्या नियमांनुसार साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर दुरुस्त प्रत देता येत नाही, आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. सर्वज्ञात माहितीतले किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे मोजायचे नाहीत, अशीही सूट आहे. नियम चांगले आहेत, पण साम्य मोजणारं सॉफ्टवेअर मुख्यतः शब्दाला शब्द जुळवून पाहतं. फरदडीच्या वाक्यासारखं प्रतिबिंब त्याच्या चाळणीतून सहज निसटू शकतं. राजशेखराच्या नजरेतून ते सुटलं नसतं.

याहून मोठी गोम नियमांच्या व्याख्येत आहे. ते पदव्युत्तर आणि संशोधनाच्या लेखनाला लागू होतात. प्रकल्प अहवाल, निबंध, गृहपाठ आणि उत्तरपत्रिका स्पष्ट शब्दांत वगळलेल्या आहेत. म्हणजे अकरावी-बारावीत आणि बी.ए.ला जे पाच वर्षं बिनबोभाट चालतं, तेच एम.ए.च्या प्रबंधात एका सकाळी गुन्हा ठरतं. सवय लागते तिथे नियम नाही, आणि नियम आहे तिथे सवय मुरलेली असते. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचे असोत की मुंबईचे, पीएच.डी.चे मार्गदर्शक त्या मुरलेल्या सवयीशी झगडत बसतात.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या मुलांना गावात जाऊन फील्ड प्रोजेक्ट करायचा आहे. केळापूरच्या मुलांसाठी ही चालून आलेली संधी आहे, कारण इथलं पुष्कळसं ज्ञान अजून छापलेलंच नाही. ते कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, आणि कपाशीच्या धुऱ्यावर आहे. इंटरनेटवर नसलेली गोष्ट उतरवून काढता येत नाही. पण पोडावरच्या एखाद्या म्हाताऱ्याने रानभाजीची किंवा पावसाच्या अंदाजाची माहिती दिली आणि अहवालात ‘असे आढळून आले’ एवढंच आलं, तर सालोमालो तिथेही हजर. अशा वेळी म्हाइंभटासारखं लिहावं: कुणी सांगितलं, कुठल्या पोडावर, कोणत्या तारखेला, आणि नाव छापायला त्यांची हरकत आहे का. ते कोलामीत बोलले असतील तर मराठी कुणी केलं, हेही लिहावं. हे शेवटचं नाव बहुधा राहूनच जातं. दुभाषा गटातलाच कोलाम मुलगा असू शकतो. माहिती त्याच्याच तोंडून आलेली असते, आणि गुण मात्र गटातल्या सगळ्यांना सारखे पडतात.