सावित्रीचा पूल : न विचारलेला प्रश्न

मंडळी, आपल्या आगरदांड्याहून दिघीला बोट सोडायची तर आधी आजचा वारा बघतात. काल बोट ठीक होती, एवढ्यावर भागत नाही. पुलांच्या बाबतीत मात्र आपण तेवढ्यावर भागवलं.

आपल्याच रायगडात, महाडजवळचा सावित्रीवरचा दगडी पूल १९२८ चा. मे २०१६ मध्ये तपासणी होऊन तो सुरक्षित ठरला होता, असं सरकारनेच नंतर सांगितलं. २ ऑगस्टच्या रात्री तो पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. शेजारी नवा पूल उभा होता, वाहतूक तिकडे वळवता आली असती!

आता बघा, मे महिन्यात नदी उतरलेली असते. दगड दिसतात, सांधे दिसतात. महाबळेश्वरच्या डोंगरातून येणारं ऑगस्टचं पाणी दिसत नाही. 'पूल ठीक आहे का?' ही झाली तपासणी. 'पाणी कुठवर चढलं की गाड्या थांबवायच्या, आणि थांबवणार कोण?' हे झालं जोखीम मोजणं.

पुढे १६५ दिवसांत महाडला नवा पूल बांधला गेला. आपल्या खाडीवरही पूल व्हायचाय. तेव्हा हा दुसरा प्रश्न उद्घाटनाआधी विचारा.