गोधडीचें कापड

गोधडी फुकट होते, अशी आपल्या पांढरपेशा घरांत एक समजूत आहे. पेटींतलीं जुनेरें, सुईदोरा आणि घरांतील म्हातारीचे मोकळे दिवस, एवढ्या भांडवलावर जी वस्तु सिद्ध होते तिची किंमत ती काय करावयाची? मावळांत गेलीं कांहीं वर्षें हिंडत असतां आमची ही समजूत मोडत गेली. गोधडीला कापड लागतें, आणि कापड मावळांत कधींच फुकट नव्हतें. तें कोणत्या वाटेनें आलें, आणि आज मिळेनासें कां झालें, हा विचार एकदां मनांत शिरला म्हणजे गोधडीच्या थरांतून बोरघाटाचा रस्ता, आगगाडी आणि मुंबईच्या गिरण्या डोकावूं लागतात.

आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ हीं तिन्ही खोरीं भाताचीं. लोणावळ्याच्या माथ्यावर वर्षाकांठीं दीडशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथें कापसाचें बोंड धरावें तरी कसें? म्हणून मावळ्याच्या अंगावरची हातभर चिंधीहि बाहेरून आलेली. घाटांतून बैलांचे तांडे हांकणारे वंजारी जो माल आणीत त्यांत देशावरच्या मागांवरचें कापड असे, आणि त्याचे पैसे भात विकून उभे करावे लागत. रानांत पावसाला तोंड द्यावयास धनगराची घोंगडी होती; परंतु घरांत, ओल्या भिंतींच्या आड, चार महिने अंगावर घ्यावयास ऊब देणारें कांहीं तरी हवेंच. ज्या मुलुखांत उबेची गरज अधिक, त्याच मुलुखांत कापड दुर्मिळ, असा हा पेच होता. जपानच्या उत्तरेस आओमोरीच्या प्रांतांतहि तोच पेच होता. तेथें थंडीमुळें कापूस होत नसे. शेतकरी भांगेच्या धाग्याचें जाडेंभरडें कापड वापरीत, आणि ओसाकाकडून गलबतांनीं येणाऱ्या जुन्या सुती चिंध्या विकत घेऊन त्या एकावर एक शिवीत. तेथें चिंधीचाहि व्यापार होता, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

आतां एक तर्क वाचकांपुढें ठेवतों. चिंध्यांची मायंदाळी व्हावयास आधीं कापडाची मायंदाळी व्हावी लागते. ज्या घरांत बाईला दोन लुगडीं आणि पुरुषाला एक धोतर, त्या घरांत टाकाऊ असें काय उरणार? कंथा ही वस्तु पुरातन खरी. भर्तृहरीच्या वैराग्यशतकांत ती आहे. पण ती विरक्ताची ठिगळांची कंथा, मुलाबाळांच्या घरांतील सहा थरांची जाडजूड गोधडी नव्हे. ही दुसरी गोधडी, निदान मावळांतील सामान्य कुणब्याच्या घरीं, आपण समजतों तितकी जुनी नसावी, असें आम्हांस वाटतें. 1830 च्या नोव्हेंबरांत सर जॉन माल्कम यानें बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. 1856 सालीं मुंबईची पहिली कापूस-गिरणी सुरू झाली. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आगगाडी 1858 च्या जूनमध्यें धांवूं लागली, आणि मधला घाटाचा तुकडा 1863 सालीं पुरा झाला. तोंवर उतारू खंडाळा आणि खोपोली यांच्या दरम्यान पालखींतून किंवा तट्टावरून घाट ओलांडीत. त्यानंतर रुईच्या गासड्या लोणावळ्याच्या दारावरून खालीं गेल्या आणि त्याच वाटेनें गिरणीचें कापड वर आलें. पुढें मावळ, खेड व जुन्नरकडची माणसें मुंबईस डबे पोंचविण्याच्या धंद्यांत आणि गिरण्यांत शिरलीं. सणासुदीला गांवीं येतांना त्यांच्या गांठोड्यांत लुगडें किंवा धोतरजोडी असावयाचीच. दहा वर्षांनीं तेंच लुगडें गोधडींत जाई.

येथें थोडा हिशेब करूं. नऊवारी लुगडें म्हणजे सुमारें सव्वाआठ मीटर लांबी आणि सव्वा मीटरास थोडा कमी पन्हा. दोन मीटर लांब व दीड मीटरास कांहीं कमी रुंद अशा गोधडीचे त्यांतून तीन थर निघतात. सहा थरांच्या गोधडीस दोन लुगडीं पुरतात. हीच गोधडी नव्या कापडाची करावयाची म्हटली तर मीटरभर पन्ह्याचें सतरा मीटर कापड फाडावें लागेल. दुकानांत जाऊन तेवढ्याचा भाव विचारला म्हणजे गोधडीची खरी किंमत कळते. बोटबोट अंतरावर धांवदोरा घालावयाचा तर दोरा दीडशे मीटरांच्या घरांत जातो. पूर्वीं तोहि विकत न घेतां जुन्या लुगड्याच्या कांठांतून उसवून काढणाऱ्या बाया होत्या.

शिवाय नवें कापड घालून भागत नाहीं, हा मुद्दा पैशांहून मोठा आहे. नाणे मावळांतील एका वृद्धेच्या अंगणांत आम्ही बसलों होतों. सारवलेल्या भुईवर जुनेरें अंथरून, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून, ती कडेकडेनें टांके घालीत आंत आंत सरकत होती. "नवं कापड घालत न्हाई का, आजी?" असें विचारतांच ती म्हणाली, "नगं बाबा. पयल्या धुण्याला आटतं, अन् समदी गोधडी चुण्या धरती. दहा पावसाळं अंगावर काढल्यालं कापडच गुमान बसतं." आमच्यासारख्या पदवीधरास हें ठाऊक नव्हतें. खळ गेलेलें, पीळ मऊ झालेलें, पुढें आटावयाचें ज्यांत कांहीं उरलेलें नाहीं असें कापडच सुईला वाट देतें आणि घाम शोषतें. म्हणजे गोधडीचें कापड दुकानांत मिळत नाहीं तें केवळ महाग म्हणून नव्हे; तें तयार व्हावयास बाईच्या अंगावरचीं दहा वर्षें लागतात, म्हणून.

दुसऱ्या महायुद्धांत हा पुरवठा एकदां आटला होता. 1943 सालीं सरकारनें कापडावर नियंत्रण बसविलें, आणि नियंत्रणाच्या त्या वर्षांत लुगडें मिळविणें हेंच एक काम होऊन बसलें. जें कापड अंगावरच चिंधी होऊन संपतें, तें गोधडीपर्यंत पोंचणार कसें? परंतु तो तुटवडा सर्वांच्या डोळ्यांना दिसत होता. आजचा तुटवडा दिसत नाहीं, कारण आज प्रत्येक घरांत कपाटें फुटावयास आलीं आहेत. नऊवारी गेली, सहावारी आली. तिच्यांतून तीनऐवजीं दोनच थर निघतात. आणि तीहि बहुधा सुताची नसते. कृत्रिम धाग्याची साडी झिजत नाहीं, विरत नाहीं, घाम पीत नाहीं. थरांत घातली तर सुईखालून निसटते. स्वस्त नव्या कापडानें जुन्या कापडाला महाग करून सोडलें, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकांत आम्हांस आढळलेली नाहीं.

त्यांत बोहारीण आहेच. जुनी साडी देऊन पातेलें घ्यावें कीं गोधडीसाठीं ठेवावी, हा प्रश्न मावळांतल्या सासवासुनांत पूर्वींपासून आहे, आणि पातेल्याचा पक्ष धरणाऱ्या सुनांना आम्ही दोष देणार नाहीं. पातेलें रोज लागतें. पण सुती साडी बोहारणीच्या गांठोड्यांत गेली कीं ती शहरांत जाते. ज्यांना तिचा माग काढावयाचा असेल त्यांनीं बुधवारीं किंवा रविवारीं पुण्याच्या जुन्या बाजारांत जावें. लोणावळ्याहून लोकल पकडून शिवाजीनगरास उतरलें कीं तो दूर नाहीं. तेथें ढीग उपसतांना कापड डोळ्यांनीं पाहूं नये. तळहातांत चुरगळून मग सोडावें. सूत असेल तर चुण्या राहतात. शिंप्याच्या दुकानांतलीं कातरणेंहि उपयोगीं पडतात, पण तीं ठिगळांपुरतीं. थर त्यांचा होत नाहीं. शहरांतल्या कित्येक हौशी बाया नव्या छापील सुताची गोधडी करतात. ती देखणी असते. करण्यापूर्वीं कापड दोनतीनदां धुऊन आटवून घ्यावें, एवढेंच आम्ही त्यांना सुचवूं.

त्या वृद्धेची गोधडी पुरी झालेली आम्हीं पुढें माघांत पाहिली. एक अंग सुनेच्या चकचकीत साडीचें होतें. फाटत नाहीं म्हणून तें वर. दुसरें अंग तिच्या स्वतःच्या, रंग उडालेल्या लुगड्याचें. कोणतें अंग नातवाकडे करावयाचें, हें तिला अंधारांतहि हातानेंच कळत होतें.