शेजारच्या कोर्टाचा भरवसा

मार्च २०१८. डब्लिनच्या हायकोर्टात तुम्ही मागच्या बाकावर बसला आहात. प्रकरण वरकरणी रोजचंच. अमली पदार्थांच्या तस्करीच्या आरोपावरून पोलंडला हवा असलेला एक माणूस आयर्लंडमध्ये सापडलाय. युरोपीय अटक वॉरंट आलं की फार खोलात न शिरता आरोपीला धाडून द्यायचं, ही रीत. युरोपीय संघाच्या सदस्य देशांची कोर्टं एकमेकांवर भरवसा ठेवतात, त्यावरच तर ही व्यवस्था चालते.

पण न्यायमूर्ती आयलीन डोनेली इथेच थांबतात. पोलंडमध्ये न्यायाधीशांच्या नेमणुका ठरवणाऱ्या परिषदेतले १५ न्यायाधीश पूर्वी न्यायाधीशच निवडायचे. आता संसद निवडते. तिथलं कोर्ट सरकारच्या मुठीत गेलं असेल, तर आरोपीवर होणाऱ्या अन्यायाचं खापर त्याला तिकडे धाडणाऱ्या कोर्टावरही फुटणार. डोनेली हा प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे पाठवतात.

जुलैत उत्तर येतं: आरोपीला सोपवायला नकार देता येईल, पण याच माणसाला न्याय मिळणार नाही असा खराखुरा धोका दिसला तरच. तो काही सिद्ध होत नाही. नोव्हेंबरात डोनेली त्याला सोपवण्याचा हुकूम देतात आणि वर्षभराने आयरिश सुप्रीम कोर्ट तोच कायम ठेवतं. एवढा खटाटोप करून हाती काय लागलं, असं तुम्हाला वाटतं. जरा पुढे चला.

शनिवार, ११ जानेवारी २०२०. वॉर्सातला क्रासिन्स्की चौक. समोर पोलंडचं सर्वोच्च न्यायालय, खांबाखांबावर लॅटिन न्यायवचनं कोरलेलं. निवृत्तीचं वय ७० वरून ६५ वर आणून सरकारने अध्यक्ष माल्गोझाता गेर्सडोर्फ यांना घरी बसवायचं ठरवलं, तेव्हा ४ जुलै २०१८ च्या सकाळी त्या नेहमीसारख्या याच इमारतीत कामावर आल्या होत्या. पुढे सरकारला तो कायदा मागे घ्यावा लागला.

दुपारचे तीन वाजताहेत. गर्दीत कोण कोण आहे ते गाऊनच्या काठांवरून ओळखा. जांभळा काठ न्यायाधीशांचा, हिरवा वकिलांचा, लाल सरकारी वकिलांचा. मध्येच एखादा गाऊन या हिशोबात बसत नाही. तो परदेशी पाहुणा. वीसहून जास्त देशांतले न्यायाधीश आलेत आणि त्यांत आयरिश सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती जॉन मॅकमेनामिनही आहेत. डब्लिनच्या कोर्टात प्रश्न होऊन आलेलं पोलंडचं दुखणं आता आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला या चौकात घेऊन आलंय.

मूकमोर्चा संसदेच्या दिशेने निघतो. तुमच्या आजूबाजूला हजारो माणसं चालताहेत, पण घोषणा नाहीत. एरवी न्यायाधीश रस्त्यावर उतरले की भुवया उंचावतात, आणि ते योग्यही आहे. आज त्यांना उतरवलंय ते संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने २० डिसेंबरला मंजूर केलेल्या मुस्कटदाबीच्या कायद्याने. सहकाऱ्याच्या नेमणुकीच्या वैधतेवर शंका घेतली की शिस्तभंगाची कारवाई, थेट बडतर्फीपर्यंत. म्हणजे डोनेलींनी डब्लिनमध्ये जो प्रश्न विचारला, तो वॉर्सातल्या न्यायाधीशाने विचारायचा नाही. शेजाऱ्यांनी तो विचारत राहणं किती गरजेचं आहे, ते इथे कळतं.

मोर्च्याने कायदा अडला का? नाही. ४ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष दुदा त्यावर सही करतात.

आता शेवटची उडी, ऑक्टोबर २०२१. न्यायाधीशांवर कारवाई करणारा सर्वोच्च न्यायालयातला शिस्तपालन विभाग थांबवा, हा लक्झेंबर्गचा आदेश पोलंड सरकारने धुडकावलाय. २७ तारखेला त्याबद्दल दिवसाला १० लाख युरोंचा दंड लागतो. दुसऱ्याच दिवशी व्हिल्नियसमध्ये युरोपातल्या न्यायपरिषदांचा संघ पोलंडच्या त्याच नेमणुका ठरवणाऱ्या परिषदेला काढून टाकतो. २०१८ पासून ती निलंबितच होती. २०२२ च्या जुलैत तो विभागही गुंडाळला जातो.

परदेशी न्यायाधीशांना पोलंडचा एकही कायदा रद्द करता येत नव्हता. दुसऱ्या कोर्टाला कोर्ट मानायचं की नाही, एवढंच त्यांच्या हातात होतं. डब्लिनमध्ये एका न्यायमूर्तींनी तो प्रश्न फाईलवर घेतला, तेव्हा तो फक्त एका आरोपीपुरता वाटला होता. साडेतीन वर्षांनी त्याच भरवशाच्या प्रश्नाचं रोजचं बिल वॉर्साच्या तिजोरीवर पडू लागलं.