मंठ्याकडील वैमानिक-उमेदवारांच्या कागदांचा कालनिर्णय

मंठा हें जालन्याहून जिंतुराकडे जाणाऱ्या वाटेवरील गांव. अशा गांवांतील जुन्या घरांतून मोडी कागदांचे रुमाल शोधतांना आपण छापील कागदांकडे ढुंकूनहि पाहत नाहीं, आणि कॉलेजांतील लष्करी शिक्षणाचे दाखले त्यांबरोबर रद्दींत जातात. विद्यापीठांत अधिकाऱ्याचें शिक्षण घेऊन लष्करी वैमानिक होण्याची वाट या बाजूस केव्हां पोंचली, हें ठरविण्यास आमच्या मतें हेच दाखले उपयोगी आहेत. मात्र त्यांचा काळ ओळखतां आला पाहिजे.

प्रथम एक विसंगति. निजामाच्या देणगीच्या डी. एच. ९-ए विमानांनीं सज्ज झालेलें ब्रिटिशांचें ११० वें पथक सप्टेंबर १९१८ मध्यें फ्रान्सांत गेलें. त्यास ‘हैदराबाद’ हेंच नांव पडलें. मंठा तेव्हां निजामाच्याच राज्यांत. विमानें हैदराबादच्या नांवाचीं, पण मंठ्याच्या मुलास त्यांत बसण्याची वाट नाहीं! त्याच वर्षीं जूनमध्यें मुंबईचे वेलिंकर वैमानिक म्हणून फ्रान्सच्या रणांगणीं पडले; परंतु ते काय किंवा ऑक्सफर्डचे हरदितसिंग मलिक काय, विलायतेंतून त्या दलांत शिरलेले.

इकडे विद्यापीठांच्या पलटणी १९१७ पासून निघूं लागल्या. १९२० च्या प्रादेशिक सेनेच्या कायद्यानें त्यांस ‘युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर’ हें नांव आलें, आणि १९४२ मध्यें त्यांत ‘ऑफिसर्स’ हा शब्द पडला. शिक्षण मुख्यतः पायदळाचें: कवायत, बंदूक, छावणी. ८ ऑक्टोबर १९३२ रोजीं हिंदी विमानदल स्थापन झालें, तरी त्याचे पहिले वैमानिक क्रॅन्वेल येथें तयार झाले, आपल्या कॉलेजांच्या मैदानांवर नव्हेत.

१५ जुलै १९४८ रोजीं कुंझरू समितीच्या शिफारशीप्रमाणें राष्ट्रीय छात्रसेना उभी राहिली. १७ सप्टेंबरास निजामी संपली. छात्रसेनेची विमान-शाखा मात्र १ एप्रिल १९५० ची. तेव्हां ‘ऑफिसर्स’ शब्दावांचून कोअरचें नांव असेल तर दाखला १९४२ पूर्वींचा, शब्द असेल तर १९४२ ते १९४८ मधला. आणि छात्रसेनेच्या विमान-शाखेच्या दाखल्यावर १९५० पूर्वींची तारीख दिसल्यास कागद संशयास्पद समजावा. पत्ताहि साधन आहे. १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा होईपर्यंत हा मुलूख परतूर तालुक्यांत, म्हणजे परभणी जिल्ह्यांत होता.

एक सावधगिरी. १९६३ पासून १९६८ पर्यंत छात्रसेना कॉलेजांत सक्तीची होती. त्या वर्षांच्या दाखल्यावरून धारकाची हौस सिद्ध होत नाहीं. नाइलाजानें कवायत केलेलेहि पुष्कळ असावेत.

विमान-शाखेच्या ‘सी’ प्रमाणपत्रानें आजहि वाट सुलभ होते, इतकेंच. धारकांसाठीं कांहीं जागा राखीव असतात, पण निवडमंडळ व वैमानिकाची पात्रता-परीक्षा कोणासच चुकत नाहीं.  उत्तीर्ण झालेला उमेदवार पुढील शिक्षणास दुंडीगलच्या वायुसेना अकादमींत जातो. हें ठिकाण हैदराबादजवळच आहे. मंठ्याच्या मुलास विमानासाठीं अखेर जुन्या राजधानीचीच वाट धरावी लागते, ही मौज. म्हणून कॉलेजचा दाखला आणि दुंडीगलचे कागद एका घरांत सांपडल्यास ते एकाच रुमालांत बांधून ठेवावे. नुसत्या कॉलेजच्या दाखल्यावर कोणास वैमानिक ठरवूं नये.